माहेरी गेलेली भांडी

॥ श्री ॥

राजारामपुरी, कोल्हापूर
गुरुवार, १७ जानेवारी १९८५

ती. आण्णास,
धाकट्या शालूचा साष्टांग नमस्कार.

मी इकडे बरी आहे. यापुढे 'तुम्ही सगळे कसे आहात' असं विचारायचा रिवाज आहे, पण ते मी कालच तुझ्या घरी खुर्चीवर बसून छापील कागदावर लिहून घेतलं. प्रकृती: दम्याचा विकार. मुलं: दोन. घर: भाड्याचं, दोन खोल्या, वर पत्रा. तेव्हा तो प्रश्न सोडून देते.

तुझ्या घरापासून माझं घर चालत वीस मिनिटांवर. तरी पाकिटाला तिकीट लावून हे पाठवते आहे, कारण समोरासमोर आल्यावर आपण काय करतो ते काल दोघांनीही पाहिलं. आमच्या फंडाचे चिटणीस माधवराव पुढे होते, मी मागे. तू दार उघडलंस. त्यांना म्हणालास, "या पावणं," आणि माझ्याकडे बघून, "या बाई, बसा." अकरा वर्षांनी सख्खा भाऊ भेटला आणि बाई म्हणाला. मीही काही कमी नाही. पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, "कुटुंबप्रमुखाचं नाव?" तू म्हणालास, "हंबीरराव." मी ते असं लिहून घेतलं की जणू पहिल्यांदाच ऐकते आहे.

तुला वाटलं असेल, ही मुद्दाम आली. तसं नाही. त्या भागाच्या तपासनीस बाई बाळंतपणाच्या रजेवर आहेत, म्हणून यादी माझ्याकडे आली. दीनसेवा फंडात मला सतरा वर्षं होतील आणि या सतरा वर्षांत मी मंगळवार पेठेची यादी मोठ्या हुशारीनं टाळत आले. नातं असेल त्या घरी तपासणीला जायचं नाही असा फंडाचा नियम आहे. माधवरावांना मी तो सांगायला हवा होता. सांगितला नाही. का, ते मला नीट सांगता येत नाही. नंदिनीला बघायचं होतं असं समज.

तयारी मात्र चोख केली होतीस, हे कबूल करायला हवं. जर्मनची दोन पातेली, कान तुटलेला कप, दोरीवर सगळ्यात जुनं अंथरूण. वहिनींनी डोळे सुद्धा बरोबर खाली ठेवले होते. फक्त फळी पुसायची राहिली. धुरानं काळ्या झालेल्या त्या फळीवर पाच स्वच्छ गोल दिसत होते, सगळ्यात मोठा कोपऱ्यात. माधवरावांना ते दिसले नाहीत. ते सुखवस्तू घरातले, त्यांची नजर पातेल्यांवरच गेली आणि त्यांना वाईट वाटलं. मला त्या गोलांवरचं एकेक भांडं ओळखू आलं. कोपऱ्यातला गोल आईच्या तांब्याच्या घागरीचा. ती अजून मोडीत गेलेली नाही हे कळून मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

संक्रांत झाली की पेठेत कुजबुज सुरू व्हायची ती तुला आठवत असेलच. फंडाच्या माई येणार! पांढरं पातळ, काळी छत्री, हातात जाड वही. न कळवता तपासणीला जायचं हा फंडाचा दंडक तेव्हाही होता, आणि पेठेला आठ दिवस आधी कळायचं हेही तेव्हापासूनचंच. मग आई घागर, परात, दोन तांबे आणि बाबांचा पागेतला पितळी कंदील पदराखाली झाकून मागच्या दारानं शेजारच्या बनाबाईकडे नेऊन ठेवायची. बनाबाईचा नवरा म्युनिसिपालटीत चावीवाला, म्हणून तिला फंड नव्हता आणि भांडी लपवायचं कारणही नव्हतं. मी विचारलं, घागर कुठं गेली, तर आई म्हणायची, "म्हायेरला गेलीया. चार दिसांनी येईल." भांड्यांना खरंच माहेर असतं असं मला किती तरी वर्षं वाटत होतं.

आणि मग तुझा खोकला. संस्थान गेलं, पागा मोडली, पाठोपाठ बाबाही गेले, तेव्हा मी तीन वर्षांची होते. फंडाचं धान्य आणि शाळेची फी यावर आपण वाढलो. फंडाची अट एकच: घरात मिळवतं माणूस नसावं. तू पंधरा वर्षांचा झालास, ओठावर लव आली, खांदे भरले आणि आईला घोर लागला. धडधाकट मुलगा घरात बसलेला दिसला तर माई विचारणारच. आपण परड्यात बसून खोकायचा सराव करायचो. मी तुझ्यापेक्षा कितीतरी चांगली खोकत होते. पण आई म्हणाली, "तू न्हाय गं. पोरीच्या खोकल्याला कोण इचारतंय? आण्णा खोकंल." त्या वेळी मला त्याचं वाईट वाटलं होतं. लहानपणी कशाचं वाईट वाटेल याला धरबंध नसतो.

काल माधवरावांनी "काही कामधंदा?" असं विचारलं आणि तू खोकलास. चांगला दोन मिनिटं खोकलास. मी कागदावरून मान वर केली नाही. हा खोकला खरा की तो परड्यातला, हे मला ओळखता आलं नाही. आणि ते ओळखायचं काम काल माझंच होतं.

तुला कुणी आळशी म्हणालं तर मी त्याच्याशी भांडेन. पेठेतला एकही अर्ज तुझ्याशिवाय भरला जात नाही, हे मला कचेरीत बसून कळतं. अक्षर ओळखते ना. कुठला दाखला कुठल्या टेबलावर मिळतो, डॉक्टर कधी सही करतो, नगरसेवक कधी घरी असतो, सगळं तुला तोंडपाठ. मी दिवसभर एका कचेरीत बसून असते, तू दिवसभर चार कचेऱ्यांत उभा असतोस. दमून दोघंही जातो.

आता जे विचारायचं म्हणून पत्र लिहायला बसले ते.

नंदिनी आतल्या दाराशी उभी होती. आईसारखी उंच झाली आहे. साडीला गुडघ्यापाशी मोठं ठिगळ होतं. माधवराव वहीत लिहीत होते तेवढ्यात ती पाण्याचा तांब्या ठेवायला वाकली आणि मी ते ठिगळ जवळून पाहिलं. आण्णा, त्याच्याखाली साडी फाटलेली नव्हती. चांगल्या कापडावर ठिगळ लावलं होतं. टाका मात्र फार सुबक होता. मी विचारलं, "मोठ्या मुलीचं काय?" तू म्हणालास, "घरीच असती." मी लिहिलं, घरकाम.

आदल्या आठवड्यात मला मंडईत गणपतराव मिस्त्री भेटले होते. आता त्यांचा उद्यमनगरात स्वतःचा कारखाना आहे. म्हणाले, "तुझी भाची टायपिंगच्या दोन परीक्षा पास हाय. एक तारखेपासनं हापिसात घेतो म्हटलं, तर तुझा भाऊ न्हाय म्हणाला की!"

का नाही म्हणालास? एवढंच कळव. रागानं कळवलंस तरी चालेल. तपासणीच्या कागदावर 'मिळवतं माणूस' या रकान्यात मी अजून काही लिहिलेलं नाही.

वहिनींना नमस्कार. नंदिनीला आणि गुंडूला आशीर्वाद. गुंडू काल शाळेत होता, म्हणून दिसला नाही. की त्यालाही कुठं पाठवला होतास?

तुझी,
शालू

---

राजारामपुरी
मंगळवार, २२ जानेवारी १९८५

ती. आण्णास, सा. न.

तुझं कार्ड काल दुपारी मिळालं. अक्षर अजून तसंच, एका रेषेत, अर्जासाठी घडवलेलं. मजकूर चारच ओळींचा, पण मी तो कचेरीत दोनदा आणि घरी येऊन किती वेळा वाचला ते सांगत नाही. तो इथं पुन्हा उतरवते, म्हणजे मी कशाला उत्तर देते आहे ते आपल्या दोघांपुढे राहील.

"आपल्या हाताला काम धरत न्हाय हे तुला ठावं हाय. माझ्या धरलं न्हाय, तिच्या कुठनं धरंल? चार महिन्यांत काढून टाकतील. फंड एकदा गेला की परत येत न्हाय आणि गुंडूची शाळा अजून चार वर्सं हाय. तू फंडाची बाई हाईस, बाईगत लिही."

यातलं अर्धं बरोबर आहे. कारखान्यातली नोकरी आज आहे आणि उद्या नाही, फंडाचं धान्य मात्र पावसाळ्यातही येतं. एकदा नाव कमी झालं की पुन्हा लागायला दोन-तीन वर्षं जातात, हे तुझ्यापेक्षा मला जास्त ठाऊक आहे; नावं कमी करणारी मीच. तुझ्या लग्नाच्या वेळी वहिनींच्या वडिलांनी विचारलं होतं, मुलगा काय करतो? आई म्हणाली, "फंड हाय." त्यांनी मान डोलावली आणि सुपारी फुटली. आपल्याकडे ही कायमची नोकरीच समजली जाते, फक्त पगाराच्या दिवशी मान खाली घालावी लागते. तेव्हा तू भित्रा आहेस असं मी म्हणणार नाही.

पण तुझं पहिलं वाक्य खोटं आहे. आणि ते तुझं नाही, माझं आहे. आता हे कसं लिहावं ते कळत नाही, म्हणून घडलं तसं लिहिते.

सन बासष्ट, श्रावण. तू सतरा वर्षांचा, मी तेरा. गणपतराव तेव्हा दुसऱ्याच्या फौंड्रीत मिस्त्री होते. त्यांनी तुला साचे भरायच्या कामावर बोलावलं. आईला तू तालमीत जातो म्हणून सांगायचास आणि आई ते खरं मानल्यासारखं करायची. मला तुझ्या नखांवरून कळलं. काळी वाळू नखांतून दोन-दोन दिवस निघत नाही. तू अकरा दिवस गेलास. त्या अकरा दिवसांत तू एकदाही खोकला नाहीस. जेवताना भाकरी मागून घ्यायचास आणि झोपेत हसायचास, असं आई बनाबाईला सांगत होती. अकराव्या दिवशी तू मला बिडाचं एक छोटं चाक आणून दिलंस, सुपारीच्या डबीएवढं. उरलेल्या रसातून मिस्त्रींनी तुला ओतू दिलं होतं, साचा तुझा स्वतःचा. म्हणालास, "शाले, हे मी केलंया. सहा आरं हाईत बघ, एक बी मोडला न्हाय."

त्याच दिवशी माई शाळेत आल्या होत्या. वर्गात येऊन फंडाच्या मुलींना उभं केलं, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून बाईंना म्हणाल्या, "ही पहिली येते ना? हिचा भाऊ आता मोठा झाला असेल." एवढंच म्हणाल्या. कदाचित सहज म्हणाल्या असतील.

बाराव्या दिवशी सकाळी मी शाळेत जायच्या आधी उद्यमनगरला गेले. दप्तर पाठीला तसंच. गणपतराव दारातच होते. मी म्हणाले, "काका, आण्णाला दमा हाय. भट्टीजवळ ठिवू नका. आईनं सांगिटलंय." आईनं काही सांगितलेलं नव्हतं. आईला हे शेवटपर्यंत कळलं नाही. ते म्हणाले, "असं व्हय? बरं केलंस पोरी सांगिटलंस."

संध्याकाळी तू लवकर घरी आलास. उंबऱ्यावर बसून म्हणालास, "मिस्त्री म्हणालं, तुझ्यानं हे व्हायचं न्हाय." ते भले गृहस्थ, आजारी मुलाला त्याचा आजार तोंडावर कशाला बोलून दाखवा, म्हणून त्यांनी तेवढंच सांगितलं असणार. तू ते कामाबद्दल समजलास. आपल्याला जमलं नाही, एवढंच तू त्यातून घेतलंस आणि पुन्हा कुणाला काही विचारायला गेला नाहीस. मी आत दिव्यापाशी भूमितीचं प्रमेय पाठ करत होते. दोन पावलं टाकून बाहेर आले असते तर त्याच संध्याकाळी सगळं निस्तरलं असतं. आले नाही. ते प्रमेय मला अजून पाठ आहे.

मंडईत गणपतराव आणखी एक बोलले होते, ते मी गेल्या पत्रात लिहिलं नाही. म्हणाले, "तुझ्या भावाचा हात लई गोड होता गं. दम्यानं घात केला. न्हाईतर आज तो माझ्या जागी असता." मी भाजीच्या पिशवीत बघत राहिले.

मॅट्रिक झाले आणि फंडानं मलाच नोकरी दिली. वर्षाच्या अहवालात माझा फोटो छापला: फंडाच्या मदतीनं स्वतःच्या पायावर उभी राहिलेली मुलगी. लोक म्हणतात शालूबाई सुटली. मी फक्त टेबलाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसले; जेवते अजून फंडाचंच. आई गेल्यावर मी तुझ्याकडे यायची थांबले, त्याला तुला वाटत असेल तसा गर्व कारण नव्हता. तू समोर बसून खोकायचास आणि मला तिथं बसवत नव्हतं.

आता कार्डावरचं तुझं वाक्य तू नंदिनीला ऐकवतोस. तिनं तरी अजून साचा भरलेला नाही, कुणी तिला काढून टाकलेलं नाही. तेरा वर्षांच्या मुलीनं फीसाठी सांगितलेलं खोटं तिच्या वाट्याला का यावं, हे मला कुणी समजावून सांगितलं तर मी ऐकेन.

उद्या मी माधवरावांना लेखी देणार आहे की सदर अर्जदार माझे सख्खे बंधू आहेत आणि ही गोष्ट मी लपवली. मला ठपका मिळेल, मिळू दे. तपासणी पुन्हा होईल आणि ती दुसरं कुणी तरी करील. रकाना मी भरलेला नाही आणि भरणार नाही. एकदा तुझ्या माघारी तुझं ठरवून आले, ते एकदाच पुरे.

मला क्षमा कर, असं वर एका ठिकाणी लिहिलं होतं ते खोडलं आहे, तुला दिसेल. आधी तू सगळं वाच. मग बघू.

शालू

---

राजारामपुरी
रविवार, २७ जानेवारी १९८५
(नंदिनीबरोबर)

ती. आण्णास,

नमस्कार. हे लिहिते आहे तेव्हा नंदिनी माझ्यासमोर बसून चहा पिते आहे, आणि उंबऱ्याच्या आत आईची घागर आहे.

ती सकाळी पोत्यात भांडी घालून रिक्षानं आली. मी दार उघडलं तर म्हणाली, "आत्ती, आबांनी सांगिटलंय, उद्या पावणं येणार हाईत. भांडी दोन दिस ठिवून घ्या. बनाबाई वारल्यापासनं शेजारी कोण ठिवून घेत न्हाय."

मी खो खो हसले. पोरगी घाबरली. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं सगळं मी तुला लिहून पाठवलं, चार रात्री झोपले नाही, आणि उत्तरादाखल परात आली! बुधवारी मी लेखी दिलं तेव्हा माधवरावांनी कागद दोनदा वाचला. "अहो शालूबाई, पण त्यांनी तर तुम्हाला ओळखसुद्धा दाखवली नाही!" असं म्हणाले. ते कचेरीत बोलले, उद्या दहाला ते स्वतः येणार हे शिपायानं ऐकलं, आणि ते तुझ्यापर्यंत पोचलं. फंडाचा कारभार काडीचाही बदललेला नाही.

मग भांडी पोत्यातून काढून ठेवताना हात थांबला. ही भांडी माहेरी पाठवायची असतात. तू ती माझ्याकडे पाठवलीस. हे तुझ्या मनात होतं की नुसती अडचण होती, ते मी विचारणार नाही. मला रडू आलं. आलं म्हणून लिहिते.

नंदिनीला विचारलं, माझं पत्र आलं तेव्हा आबा काय म्हणाले? म्हणाली, "काय बी न्हाय. वाचलं आन् पायरीवर जाऊन बसलं. हात उलटं-पालटं करून बघत हुतं. आई जेवायला हाक मारती, तर ऐकूच येईना." पत्रात काय आहे हे तिला ठाऊक नाही. तू सांगितलेलं नाहीस, मीही सांगितलं नाही.

माझ्या टेबलावर कागदांवर ठेवलेलं ते चाक असतं. तिनं ते उचललं, फिरवून बघितलं. "हे कुठनं आणलं आत्ती?"

मी म्हटलं, "तुझ्या बापानं केलंय."

"आमच्या आबांनी?"

"साचा भरून, रस ओतून. अकरा दिवस कामाला गेलता फौंड्रीत."

आण्णा, तिचा विश्वास बसला नाही. आधी हसली. मग आरे मोजले, मग बोट आतून फिरवलं कुठं खडबडीत लागतं का बघायला. एकोणीस वर्षांत तिनं तुझ्या हातचं काम म्हणून अर्जच पाहिले. बराच वेळ ते चाक तिनं खाली ठेवलं नाही.

मग तिनं विचारलं, "आत्ती, मी जाऊ का कामाला?"

माझ्या तोंडावर आलं होतं, जा. शपथेवर सांगते, अगदी ओठावर होतं. पण मी म्हटलं, "मला नको विचारू. घरी जाऊन आबांना विचार. आणि ते अकरा दिवस काय काय झालं तेही विचार." चाक तिच्याकडे दिलं आहे. तेव्हा हे पत्र तुझ्या हातात पडेल त्याच्या आधी ती तुझ्यापुढे ते धरून उभी राहील. काय सांगायचं ते तुझं तू ठरव. माझं नाव घेऊन सांगितलंस तरी माझी हरकत नाही. तिला राग आला तर तिनं येऊन माझ्याशी भांडावं.

गुंडूच्या शाळेचं मी बघेन. मॅट्रिक होईपर्यंत, आणि पुढं शिकला तर पुढं. हे फंडाच्या कागदावर नाही, कुणी येऊन तपासणार नाही. नंदिनीला चार महिन्यांनी काढून टाकलं तर तिनं दुसरीकडे टायपिंग करावं. काढून टाकलेल्या सगळ्याच माणसांना काम येत नसतं असं नाही, हे आता तुला माहीत झालं आहे. तुझा दमा खरा असेल तर चांगल्या डॉक्टरला दाखवू, नुसती सही करणाऱ्याला नको. खरा नसेल तर तेही चांगलंच.

राहिली भांडी. ती मी ठेवून घेणार नाही.

फंडाचे तपासनीस न कळवता येतात आणि सगळ्यांना कळलेलं असतं. मी कळवून येते आहे. उद्या सकाळी नवाला निघेन. पेठेच्या कोपऱ्यावरच्या नळाला घागर भरून घेईन आणि ती कमरेवर घेऊन, सगळी गल्ली बघत असताना, पुढच्या दारानं येईन. बाकीची भांडी पोत्यात, रिक्षातून मागोमाग येतील. हे तुला नको असलं तर आज दिवस मावळायच्या आत तू स्वतः इथं येऊन सांग. निरोप चालणार नाही, कार्डही नाही. तू आलास आणि नको म्हणालास तर भांडी इथंच राहतील आणि मी कुणापुढं अवाक्षर काढणार नाही. चहाला दूध ठेवते आहे.

नाही आलास तर मी येते. दार उघडलंस की घागर तिच्या गोलावर ठेवू. फळी पुसू नका. नाही उघडलंस तर ती पायरीवर उतरवून ठेवीन आणि तिच्याजवळ बसून राहीन. दहाला माधवराव येतील. दारात भरलेली घागर बघून विचारतील, ही कुणाची, आणि तुम्ही इथं कोण म्हणून बसला आहात. मागच्या वेळी त्याच दारात मी खाली मान घालून कागद भरत होते. या वेळी सांगेन.

आण्णाची बहीण,
शालू